मापापुरतं उभं राहा

सोमवार, ३ तारीख

आम्ही पोचलो. दोन ट्रंका, एक गादी, एक नात आणि एक आजी, चारही नग न फुटता वर चढवले. हे वाक्य माझं, अक्षर नातीचं. मला लिहिता येत नाही आणि या वयात येईल अशी भीतीही नाही. सगळा जन्म गवंड्याच्या हाताखाली चुना कालवण्यात गेला. पुढे तो गवंडी माझा नवरा झाला, मग त्याच्याच हाताखाली. नात म्हणाली, आज्जे, दिवसभर इतकं बोलतेस, त्यातलं पानभर रोज मला सांग, मी उतरवून ठेवते. म्हटलं, ठेव, पण मी सांगेन तेच. तुझं शहाणपण मधे घालायचं नाही. हो म्हणाली. घालते की नाही हे कळायला मला काही मार्ग नाही, म्हणून विश्वास ठेवलाय.

नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. उंच, सरळ, अंगावर मांस नाही, म्हणून मी तिला फूटपट्टी म्हणते. (हे लिहिताना तिने नाक मुरडलं, तेही लिही.) तिला इथे नोकरी लागली आहे. शहर जुनं. चौकाचौकात पुतळा, भिंतीभिंतीवर काही ना काही कोरलेलं नाहीतर रंगवलेलं. कुणाचं नाक गेलंय, कुणावर जाहिरात चिकटवलीय. ते सगळं पडायच्या आत वहीत मांडून ठेवायचं: काय आहे, कुठे आहे, किती उंच, किती शाबूत. तीन महिन्यांचं काम, चांगलं झालं तर कायम. लेकीने मला पोरीची राखण करायला पाठवलं. कोण कुणाची राखण करतंय ते पुढे कळेलच.

खोली वरच्या मजल्यावर. दोन खिडक्या, कपाटाएवढं स्वयंपाकघर. मी आल्या आल्या भिंती बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्या. गिलावा भरीव आहे. फक्त दाराशी पोकळ बोलतो. नात म्हणाली, लोक आधी नळाला पाणी आहे का बघतात. म्हटलं, पाणी येतं-जातं, भिंतीशी रोज राहायचं असतं.

बुधवार, ५ तारीख

आज मी सरकारी कामाला लागले. पगार नाही, मान मात्र मोठा.

झालं असं. पुतळ्याचा फोटो काढताना त्याच्या शेजारी उंची माहीत असलेलं काहीतरी उभं करावं लागतं, म्हणजे बघणाऱ्याला अंदाज येतो. त्यासाठी कचेरीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी असते. आम्ही ती मागायला गेलो. तिथे एक कारकून आहे, त्याचा एक हात कायम शिक्क्यावर असतो, बोलतानासुद्धा. मी त्याचं नाव शिक्केवाला ठेवलं. तो म्हणाला, काठी मोडली, नवी मागवली आहे, येईल. कधी, विचारल्यावर त्याने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, काठी नसली तर माणूस उभा करायचा, पूर्वी तसंच करत. मापाला माणूस.

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. रस्त्यावर येऊन तिने मला भिंतीला टेकवलं आणि टेप लावला. एकशे बेचाळीस सेंटीमीटर. तरुणपणी जास्त होते, बाकीचे घमेल्यांच्या ओझ्याने आत गेले.

शनिवार, ८ तारीख

चार दिवसांत एकोणीस नग झाले आणि एकोणीस फोटोंत मी आहे. घोड्यावरच्या सेनापतीच्या टाचेखाली मी. उघड्या दगडी बाईच्या शेजारी मी, अंगभर शाल घेऊन, म्हणजे तिलाही जरा लाज वाटावी. फूटपट्टी म्हणते, शंभर वर्षांनी कोणी ही वही उघडली तर त्याला वाटेल या शहरात एका ठेंगण्या म्हातारीची फार भक्ती होती.

कामाची रीत मला आवडली. आधी ब्रशने धूळ झाडायची, मग माप, मग फोटो, मग घरी येऊन तक्ता भरायचा. मी बोटं लावून सांगते: हा चुना जुना, हा दुरुस्तीचा, यात वाळू खारी होती. पोरगी ते लिहून घेते. सत्तर वर्षांत माझं बोलणं कुणी कामाचं म्हणून लिहून घेतलं नव्हतं. तोंडावर दाखवलं नाही, पण रात्री हसू येत होतं.

मंगळवार, ११ तारीख

आज रांग पाहिली. सगळे तिला रांगच म्हणतात. पाण्याच्या जुन्या टाकीमागे अरुंद गल्ली आहे, तिथे लांबच लांब भिंत आणि भिंतीत चुन्यात घडवलेली माणसं, खरीखुरी माणसाएवढी, एकामागे एक. अर्धी बाहेर, अर्धी भिंतीत. पुढच्या टोकाला एक खिडकी घडवलेली आहे, तीही मिटलेली. म्हटलं, खिडकी बंद आणि रांग चालू, सरकारी काम आहे यात शंका नाही.

पुढच्यांची तोंडं झिजून सपाट झालीत. मागे मागे येऊ तशी ताजी. एकजण डोक्यावर पोतं घेतलेला हमाल. सगळ्यात शेवटचा चष्मेवाला, पँटीची इस्त्रीसुद्धा दिसते, हातात मोजायची काठी. आणि बाकी सगळे पुढे बघतात, हा एकटा मान वळवून मागे बघतो, कुणी येतंय का म्हणून. माझ्या नवऱ्याने इतका सफाईदार हात कुणाचा पाहिला असता तर चार दिवस जेवला नसता.

एक गोष्ट मात्र खटकली. मी एकेकाला बोट लावत गेले. प्रत्येकाचा चुना वेगळ्या वयाचा. एका कारागिराचं एका दमातलं काम असतं तर चुना एकाच वयाचा लागतो. नात म्हणाली, छान निरीक्षण, आणि लिहून घेतलं.

समोर एका बाईची चहाची टपरी आहे. साठीची असेल. आम्ही बसलो होतो तेवढ्यात ती ओलं फडकं घेऊन उठली आणि त्या पोतेवाल्या हमालाचं तोंड पुसून आली. फक्त त्याचं. मी चेष्टा केली, बाकीचे रुसतील की. ती हसली नाही. चहा चांगला होता.

गुरुवार, १३ तारीख

रांगेचं काम उरकलं. टपरी बंद होती, चहावाली दवाखान्यात गेली होती म्हणे, त्यामुळे चहाविना काम. दुपारभर पोरीने भिंत ब्रशने झाडली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली, पापण्यासुद्धा. मी त्यांना मोजलं, माझ्या पद्धतीने, प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत. बावीस.

फोटोच्या वेळी माझे गुडघे बोलायला लागले. शेवटच्याच्या मागे जाऊन मापाला उभं राहायचं होतं. मी टपरीच्या पायरीवर बसले होते, उठवेना. म्हटलं, आज तू उभी राहा, तुझीही उंची तुला ठाऊक आहेच. बटण मी दाबते, लिहिता येत नाही म्हणून काय दाबताही येत नाही? ती हसत जाऊन चष्मेवाल्याच्या मागे उभी राहिली. मी म्हटलं, हलू नकोस, मापापुरतं उभं राहा. ती इतकी सरळ राहिली की मला ती चटकन दिसेचना. मी बटण दाबलं.

घरी येऊन तिने फोनच्या पडद्यावर बोट ठेवत मोजलं आणि तक्त्यात तेवीस लिहिलं. मी अर्धवट झोपेत म्हटलं, बावीस ना गं? ती म्हणाली, आज्जे, फोटो समोर आहे माझ्या. शिकलेल्या माणसाशी आकड्यांवरून काय भांडायचं. मी कूस बदलली. उद्या ती तक्ता कचेरीत देणार.

शनिवार, १५ तारीख

काल तक्ता दिला, शिक्का बसला. शिक्केवाल्याने मोठ्या वहीत आकडा चढवला.

आज सकाळी पोरीची उजवी करंगळी वळेना. म्हणाली, टेप धरून धरून आखडली. मी तेल चोळलं. नखाच्या कडेला पांढरी भुकटी होती, पुसली तर पुन्हा आली. मी वास घेतला. चुना. म्हटलं, नीट अंघोळ करत नाहीस, गुरुवारची धूळ अजून आहे. तिने दोनदा साबण लावला. जेवताना चमचा डाव्या हाताने धरला, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आजचं अक्षर वाकडं येतंय म्हणते. मला काय, मला सरळही तसंच दिसतं.

रविवार, १६ तारीख

हे फोन लिहितोय. पोरीचा उजवा हात कोपरापर्यंत आखडला. पेन धरवत नाही. तिने मला दाखवलं, या चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलायचं, फोन ऐकून लिहितो, तारीखही आपणच टाकतो. शिकलेला आहे बिचारा, उलट उत्तरही करत नाही.

डॉक्टरने हात ठोकून पाहिला, शीर दबली असेल म्हणाला, तपासण्या लिहून दिल्या. तो ठोकत होता तेव्हा मी आवाज ऐकला. हाताचा असा आवाज नसतो. भरीव गिलाव्याचा असतो.

मी तिला घरी निजवलं आणि एकटीच गल्लीत गेले. का गेले ते सांगता येत नाही, पाय गेले. चष्मेवाला आता पुढे बघतोय. मी परत परत पाहिलं. मानेला भेग नाही, डाग नाही. तो मागे बघत होता, मी स्वतः पाहिलंय, त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन चेष्टा केली होती. आता त्याची पाठमोरी मान आहे. आणि त्याच्या मागे जिथे कोरी भिंत होती तिथे गिलावा ओला आहे. ठोकला तर आत पोकळ बोलतो. फुगलाय, वीतभर. वर, माझ्या डोक्याच्याही वर, खांद्यासारखा गोल आलाय. त्याच्यावर लांब मान.

पोरीला सांगितलं नाही. कामाचं काय म्हणाली. म्हटलं, पुतळे कुठे पळून जात नाहीत.

सोमवार, १७ तारीख

कचेरीत गेले. शिक्केवाल्याला म्हटलं, रांगेच्या जुन्या नोंदी दाखव. म्हणाला, तुम्हाला वाचता येतं? म्हटलं, मला बघता येतं.

दोन वह्या काढल्या. एक तीस वर्षांपूर्वीची. त्याने वाचून दाखवलं, एकूण आकृत्या बावीस. शेजारी फोटो. तो आकडा वाचून पान उलटणार होता, मी हात ठेवला. मी तोंडं बघत होते. फोटोत पोतेवाला हमाल भिंतीत शेवटचा. त्याच्या मागे चष्मेवाला, काठी घेऊन, मागे वळून बघतोय. पण तो भिंतीत नाही. त्याची सावली जमिनीवर पडलीय. तो मापाला उभा आहे. मी बोट ठेवून मोजलं. भिंतीत एकवीस. तो धरून बावीस.

दुसरी वही पन्नास वर्षांच्याही आधीची. त्यात शेवटी दोन वेण्यांची पोर उभी, आठेक वर्षांची, तिचीही सावली जमिनीवर. भिंतीत वीस, वहीत एकवीस. म्हणजे दर वेळी मापाचं माणूस मोजणीत धरलं. दर वेळी तीच चूक. आणि दर वेळी भिंतीने वहीतला आकडा भरून दिला.

मी शिक्केवाल्याला म्हटलं, आमचा आकडा चुकलाय, बावीस कर. म्हणाला, खाडाखोड चालत नाही. नोंद जिने केली तिने सहीचा अर्ज द्यावा. म्हटलं, तिचा हात चालत नाही, माझा अंगठा घे. म्हणाला, नोंद तुमची नाही. मग जरा नरम आला, म्हणाला, शुक्रवारी अकराला बाहेरून पडताळणीवाला येतो, तो जागेवर मोजतो, आकडा बदलायचा हक्क फक्त त्याला. मला धीर आला. म्हटलं, तो मोजेल आणि बावीसच भरतील. शिक्केवाला म्हणाला, मावशी, मी एकोणतीस वर्षं इथे आहे, आजवर कुठली नोंद जुळली नाही असं झालं नाही.

तो फुशारकीने सांगत होता. मी त्याच्यासमोरची वही मिटली आणि घरी निघाले.

मंगळवार, १८ तारीख

पोरीचा डावा हातही गेला. बोलते नीट. म्हणते, दुखत नाही, फक्त जड वाटतं. तिला मी भरवते. लहानपणी भरवताना पळायची, म्हटलं, आता कुठे पळशील? ती हसली. मला चेष्टा करायला नको होती.

लेकीला फोन केला. शनिवारी पोचते म्हणाली, त्याआधी गाडी नाही.

चहावालीकडे गेले. फोटोतल्या दोन वेण्या तिच्याच. मी सरळ विचारलं, तिनेही सरळ सांगितलं. तिचा बाप त्या गल्लीत हमाली करायचा. मोजायला आलेल्या साहेबाने, ए पोरी, जरा उभी राहा, म्हणून तिला उभं केलं. आठ दिवसांत तिचे पाय दगड झाले. भिंतीत दोन वेण्यांचा फुगवटा आला. बापाने तो पाहिला. पडताळणीच्या सकाळी डोक्यावरचं पोतं न उतरवता तो त्या जागी जाऊन पाठ लावून उभा राहिला. घरात तिचे पाय सुटले. ती धावत आली तेव्हा बाप होता, पण बोलत नव्हता. भिंतीला आकडा हवा असतो, म्हणाली. तोंड कुणाचंही चालतं.

चष्मेवाल्याला तिने तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तो हसला आणि तिचं म्हणणं वहीत दंतकथा म्हणून लिहून घेतलं. पडताळणीच्या सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. भिंत माणसं आधी भरून घेते, मोजणारा मग येतो.

म्हणाली, गुरुवारी मी टपरीवर असते तर तुमच्या नातीला झाडूने हाकललं असतं.  चहा गार झाला.

पोर उभी राहिली कारण मी उठले नाही. गुडघ्यांनी नाही खाल्लं तिला. माझ्या आळसाने खाल्लं.

बुधवार, १९ तारीख

काल चहावालीकडून आल्यापासून रात्रभर मी तिला ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलं. टाक्यातला चुना पाण्याखाली असला की वर्षानुवर्षं लोण्यासारखा मऊ राहतो. मी जन्मभर पाहिलंय. म्हटलं, कोरडी पडू द्यायची नाही, शुक्रवारपर्यंत तरी. दर तासाला पाणी शिंपडत होते. ती म्हणत होती, आज्जे, गार लागतंय. मी म्हणत होते, गप पड.

आज चादर काढली. छातीपर्यंत चढलंय.

टाक्यातला चुना मऊ राहतो. भिंतीला लावलेल्याला पाणी मारलं की तो पक्का होतो. म्हणून तर मारतात. मी पन्नास वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ नव्या गिलाव्यावर पाणी मारलंय, पक्का व्हावा म्हणून. मी विसरले. मी? दुसरं कुणी विसरलं असतं तर—

चुना बाहेरून आत घट्ट होत जातो. आतला सगळ्यात शेवटी. म्हणजे ती आत जागी असेल. बराच काळ—

गुरुवार, २० तारीख

बोलणं गेलं तिचं. डोळे फिरतात. मी दिसले की थांबतात.

गल्लीत गेले. फुगवट्याला नाक आलंय. माझ्या लेकीचं नाक, तेच हिला आलं. पाठीवर थाप मारली, गरम होती. भिंत गरम, आणि घरी पोर गार.

ट्रंकेतली नवऱ्याची थापी घेऊन गेले होते, फोडते म्हणून. एकच मारली. खांद्याचा टवका उडाला. घरी आले तर तिच्या खांद्यावर— मी बांधलंय फडकं. पुन्हा हात लावणार नाही.

आता एकच राहिलं. तोंड कुणाचंही चालतं.

तिला सांगितलं. डोळे नाही नाही म्हणत होते. म्हटलं, एकशे बेचाळीस सेंटीमीटर आहे मी, सरकारी माप आहे, माझा हक्क आहे त्या जागेवर. तुझी आई आली की तिला सगळं सांग. आणि एकदा तरी माझं ऐक, माझ्या मागे यायचं नाही. गल्लीत पाऊल टाकायचं नाही. डोळे मिटले तिने. ते हो होतं की—

शुक्रवार, २१ तारीख

सकाळचे नऊ वाजलेत. केस विंचरून दिले तिचे. निघाले.

दाराला बाहेरून कडी लावणार होते. लावली नाही. हातपाय सुटले आणि दार बंद असलं तर पोर घाबरेल—

चहावालीने बापाचं तोंड पुसलं. फडकं माझ्या हातात दिलं. म्हणाली, दुसऱ्यांदा बघणार नाही. टपरी मिटून गेली. बरं केलं.

उभी आहे. पाठ लावली. भिंत आधी गरम होती, आता गार. फोन छातीशी धरलाय, बोट चित्रावर. जे बोलते ते लिहितोय ना रे तू?

हलली भिंत. मागे. हळू. लांब मान खाली बसतेय, माझ्या डोक्यावरून, माझ्याएवढी होतेय. सुटली पोर. सुटली असणार— पाय जड. दुखत नाही. ती खरं सांगत होती.

चष्मेवाल्याची मान समोर. तेल लावायला हवं होतं त्याच्या केसांना. तीस वर्षं— माझी मान वळतेय. मी वळवत नाही. मागे बघायला लावतेय. कुणी येतंय का म्हणून—

कुणी येत नाही. येऊ नये—

वाचेल त्याने वहीत बावीस करा. आधी बावीस करा, मग माझ्यासाठी रडा—

चपला वाजताहेत.

ती. धावतेय. हात हलताहेत दोन्ही. किती छान हलताहेत— अंगावर अजून पांढरं सगळं, पापण्यांवर— पोरी थांब. तिथेच. आवाज निघत नाही मोठा. जबडा— पोरी, येऊ नकोस—

आली. माझा हात ओढतेय. आज्जे आज्जे म्हणतेय. सुटत नाही गं. सोड. पुढे हो. माझ्या मागे नको, मागे नको उभी—

गल्लीच्या तोंडाशी माणूस. गळ्यात कॅमेरा. हातात मोठी वही. अकरा वाजले—

म्हणतोय, बाई, तशाच उभ्या राहा, मापाला बरं. फक्त मापापुरतं—

ती रडतेय, तिला ऐकू— सरक. सरक गं पोरी—

उजेड पडला डोळ्यांवर.

बोट ठेवून मोजतोय. पडद्यावर. वीस. एकवीस. पोरी, त्याला म्हण, ही सावली आहे बघ माझी, मी बाहेरची आहे, म्हण ना— बावीस. तेवीस—

थांबला. लाल पेन काढलं. म्हणतोय, वहीत चूक आहे. तेवीस नाही, चो—